चार-पाच वर्षांची मुदत, शंभर वर्षांचे प्रश्न

एप्रिल २०२१मध्ये युरोपीय महासंघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगानं कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या कायद्याचा मसुदा मांडला. त्याची मांडणी सरळ होती. प्रणाली कशासाठी वापरली जाणार ते पाहायचं, आणि त्या वापरात धोका किती त्या मानानं नियम लावायचे. नोकरीचे अर्ज चाळणारी प्रणाली असेल तर कडक अटी, नको असलेले ईमेल वेगळे काढणारी असेल तर जवळजवळ मोकळीक. चर्चा सुरू झाली, दुरुस्त्या येत राहिल्या, आणि ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं.

त्याला ठरलेला असा उपयोगच नव्हता. तेच पत्र लिहून देतं, तेच प्रोग्राम लिहितं, तेच गृहपाठ करतं. ‘वापर बघा आणि नियम लावा’ या पायावर उभ्या असलेल्या मसुद्यात अशा बहुउपयोगी प्रणालींसाठी वेगळी सोय नव्हती. मग ती मागाहून बसवावी लागली. डिसेंबर २०२३मध्ये तडजोड झाली, १ ऑगस्ट २०२४ला कायदा अमलात आला, आणि तेव्हाही त्यातली बरीच कलमं पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची होती.

‘बैल गेला आणि झोपा केला’ म्हणून हसणं सोपं आहे. पण इथली माणसं झोपलेली नव्हती. बाकीच्यांच्या कितीतरी आधी ती कामाला लागली होती आणि त्यांनी नियमानं काम केलं: आधी मसुदा, मग संसदेच्या समित्या, मग सदस्य देशांची सरकारं, मग तिघांची एकत्र बैठक. लोकशाहीत कायदा असाच व्हायला हवा. त्या चालीनं जाऊनही विषय हातातून निसटला, हे खरं अस्वस्थ करणारं आहे.

हवामान, कृत्रिम बुद्धिमत्ता, अणुकचरा, साथीचे रोग या प्रश्नांवर बातम्या वाचताना अनेकांना वाटतं की आपल्या लोकशाह्या यांना पुऱ्या पडत नाहीत. हे वाटणं कितपत खरं आहे, आणि खरं असेल तर कुठे काय दुरुस्त करता येईल, ते पायापासून पाहू.

## प्रतिनिधी म्हणजे निरोप्या की वकील?

प्रातिनिधिक लोकशाही म्हणजे आपण स्वतः कायदे करत नाही, कायदे करणारी माणसं ठरावीक मुदतीसाठी निवडतो. व्याख्या एवढीच. भांडण त्यापुढे सुरू होतं: निवडलेल्या माणसानं करायचं काय? आपला निरोप जसाच्या तसा पोचवायचा, की वकिलासारखं आपल्या हिताचं काय ते स्वतःच्या डोक्यानं ठरवायचं?

ब्रिटिश राजकारणी आणि विचारवंत एडमंड बर्क यानं १७७४मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या मतदारांना निवडून आल्या आल्याच सांगितलं होतं की मी तुमचा निरोप्या नाही, माझी विवेकबुद्धी हीच माझी सेवा. पुढे आयर्लंडच्या व्यापारावरची बंधनं सैल करण्याच्या बाजूनं तो उभा राहिला. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना ते अजिबात आवडलं नाही. १७८०च्या निवडणुकीत हवा कुठल्या बाजूची आहे हे बघून त्यानं माघार घेतली. राज्यशास्त्राचे विद्यार्थी त्याचं भाषण वाचतात. प्रत्यक्ष राजकारणी मात्र त्याच्या माघारीतून धडा घेतात.

तो धडा असा, की प्रतिनिधी लांबचा विचार करू शकतो, पण त्याचा हिशेब जवळच्या तारखेला होतो. आणि हिशेब करायला कोण येतं? ज्याला मत आहे तो. म्हणजे आज हयात असलेला, सज्ञान, त्याच देशाचा नागरिक.

मोठ्या प्रश्नांची झळ ज्यांना लागते त्यातले पुष्कळ लोक या यादीत नसतात. काही अजून जन्मलेले नाहीत. काही सीमेपलीकडे राहतात. एका देशाच्या चिमणीतून निघालेला धूर दुसऱ्याच्या किनाऱ्यावर समुद्र चढवतो, पण त्या किनाऱ्यावरच्या माणसाला पहिल्या देशात मत नसतं. या लोकांना मी ‘गैरहजर’ म्हणेन. लोकशाही दूरचं पाहत नाही अशी तक्रार आपण करतो, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा अर्थ इतकाच असतो की गैरहजर माणसांच्या वतीनं बोलायला सभागृहात कुणी नाही.

## मग दोष मतदाराचाच ना?

थोडा आहे. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन संशोधकांनी २००९मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपत्तीनंतर मदत वाटली की सत्ताधारी पक्षाला मतं मिळतात, आपत्तीच्या आधी तयारीवर खर्च केला तर मतदार त्याची दखल घेत नाहीत, असं त्यांना आढळलं. आणि तयारीवरच्या एका डॉलरमुळे पुढचं साधारण १५ डॉलरचं नुकसान वाचतं, असा त्यांचा अंदाज होता.

वाचून मतदाराला मूर्ख म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. मदतीचं पाकीट दिसतं. न फुटलेला बांध दिसत नाही. तो बांध पक्का केला म्हणून फुटला नाही, की यंदा पूरच कमी आला, हे घरी बसून कसं कळणार? जे दिसतच नाही त्याचं श्रेय कुणाला द्यायचं?

भाड्याच्या घराचं असंच होतं. छत पाझरतंय हे भाडेकरूला माहीत असतं. पण अकरा महिन्यांनी घर सोडायचं असेल तर तो खाली बादली ठेवतो, छत उकलत नाही. तो वाईट माणूस नसतो. त्याचा करारच बादलीचा आहे. निवडून आलेलं सरकार हे देशाचं भाडेकरूच असतं, आणि खरं सांगायचं तर आपण मतदारही भाडेकरूच, फक्त मुदत थोडी मोठी.

म्हणून ‘चांगली माणसं निवडा’ हा उपदेश मला अपुरा वाटतो. चांगला भाडेकरूही बादलीच ठेवेल. करार बदलावा लागेल.

## तंत्रज्ञानानं नेमकी काय वेगळी अडचण केली?

ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड कॉलिंग्रिज यानं १९८०मध्ये एक पेच मांडला, तो आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. नवं तंत्र लहान असतं तेव्हा त्याला वळण लावणं सोपं असतं, पण ते पुढे काय करेल हे कुणाला माहीत नसतं. परिणाम कळतात तोवर ते सगळीकडे पसरलेलं असतं आणि वळवणं महाग पडतं. अनोळखी रोप अंगणात उगवलं तर ते दोन बोटांनी उपटता येतं, पण फळ देणार की भिंत फोडणार ते तेव्हा ठाऊक नसतं. ठाऊक होतं तेव्हा मुळं घराच्या पायात शिरलेली असतात.

यावर उपाय म्हणून अमेरिकी काँग्रेसनं १९७२मध्ये तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालय स्थापन केलं होतं. काम एवढंच की येऊ घातलेल्या तंत्राचे बरे-वाईट परिणाम लोकप्रतिनिधींना निःपक्षपातीपणे समजावून सांगायचे. त्यानं साडेसातशेच्या आसपास अहवाल दिले. १९९५मध्ये खर्चकपातीच्या नावाखाली त्याचा निधी बंद झाला. इंटरनेट घराघरांत शिरत होतं तेच हे वर्ष. दिवा विझवायचा तर याहून वाईट मुहूर्त सापडला नसता.

## हुकूमशाहीला तरी लांबचं दिसतं का?

गप्पांमध्ये हा मुद्दा हमखास येतो: निवडणुकीची चिंता नसलेलं सरकार पन्नास वर्षांचा विचार करू शकतं. ते करतंही. पण लांबचं पाहणं आणि बरोबर पाहणं या दोन गोष्टी आहेत.

सोव्हिएत नियोजनकारांनी १९६०च्या दशकात कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी मोठ्या प्रमाणावर कालव्यांत वळवलं. योजना दीर्घकालीनच होती. या नद्या ज्या अरल समुद्राला मिळत तो आटत गेला. मुयनाक हे तिथलं मासेमारीचं बंदर. आज त्याच्या बोटी वाळूत गंजत उभ्या आहेत आणि पाणी नजरेच्या टप्प्यातही नाही. समुद्र आटेल हे जाणकारांना कळत नव्हतं असं नाही. पण ‘थांबा’ म्हणणाऱ्याचं ऐकण्याची सक्ती कुणावर नव्हती. चीननं १९८०च्या सुमारास लादलेलं एक मुलाचं धोरण २०१५पर्यंत रेटलं. लोकसंख्या म्हातारी होत चालल्याची चिन्हं त्याच्या कितीतरी आधी दिसत होती.

लोकशाहीची मुदत आखूड असते, पण त्या आखूडपणातच चूक दुरुस्त करण्याची सोय असते. नजर लांब करायची आणि सोय सोडायची नाही, असा हा दुहेरी प्रश्न आहे.

आणि तो सोडवता येतो याचे दाखले आहेत. नॉर्वेनं १९९०मध्ये तेलाच्या कमाईसाठी वेगळ्या निधीचा कायदा केला, १९९६मध्ये त्यात पहिली रक्कम टाकली. सरकारनं एका वर्षात निधीच्या अपेक्षित परताव्याएवढीच रक्कम, सध्या सुमारे ३ टक्के, खर्चावी असा संकेत आहे. सत्तांतरं झाली, निधी टिकला.

ओझोनची गोष्ट तर सीमेपलीकडच्या गैरहजरांचीही आहे. मारियो मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४मध्ये दाखवलं की फवाऱ्यांच्या डब्यांतले आणि शीतयंत्रांतले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा थर खातात. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगापुढे आलं, १९८७मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांनी त्याला मान्यता दिली. गरीब देशांना पर्यायी तंत्र परवडावं म्हणून वेगळा निधी उभारला गेला. त्याशिवाय ही सर्वसंमती झाली नसती. अंटार्क्टिकावरचा थर साधारण २०६६च्या सुमारास पूर्ववत होईल असा अंदाज आहे. करारावर सह्या करणाऱ्या बहुतेकांना तो दिवस दिसणार नाही हे त्यांना तेव्हाही कळत असणार.

पण अशा गोष्टी नशिबावर किंवा एखाद्या दशकाच्या शहाणपणावर सोडता येत नाहीत. म्हणून गेल्या तीसेक वर्षांत काही देशांनी लोकशाहीच्या यंत्रातच नवे भाग बसवून पाहिले.

## गैरहजरांसाठी खुर्ची

फिनलंडच्या संसदेत १९९३पासून भविष्य समिती आहे, २०००पासून ती कायमची झाली. सतरा खासदार, सगळ्या पक्षांचे. प्रत्येक सरकारला आपल्या कारकिर्दीत एकदा भविष्याविषयीचा अहवाल संसदेला द्यावा लागतो आणि ही समिती संसदेच्या वतीनं त्याला उत्तर तयार करते. समितीच्या हातात दंडुका नाही. पण सरकारला निदान एकदा बसून पुढच्या पिढीच्या काळाविषयी कागदावर काही लिहावं लागतं.

वेल्सनं २०१५च्या कायद्यानं भावी पिढ्यांसाठी आयुक्त नेमला. आयुक्तानं शिफारस केली आणि सार्वजनिक संस्थेला ती मान्य नसेल, तर का नाही ते संस्थेला जाहीरपणे सांगावं लागतं. न्यूपोर्टजवळ एम-४ महामार्गाला वळणरस्ता काढायचा प्रस्ताव होता. तो पाणथळ जमिनीतून जाणार होता. पहिल्या आयुक्त सोफी हाऊ यांनी उघड विरोध केला. २०१९मध्ये वेल्सच्या सरकारनं तो रद्द केला. खर्चाचंही कारण होतं, त्यामुळे सगळं श्रेय आयुक्तांना देणं बरोबर होणार नाही. पण पंचवीस वर्षांनंतरच्या माणसाच्या वतीनं कुणीतरी टेबलावर बसलं होतं, हे नक्की.

आता दुसरी बाजू. इस्रायलच्या संसदेनं २००१मध्ये असाच आयोग नेमला. विधेयकांवर मत द्यायचा आणि त्यासाठी वेळ मागायचा अधिकार त्याला होता. खासदारांना ही लुडबुड वाटू लागली. २००६मध्ये मुदत संपली, पुढचा आयुक्त नेमलाच नाही. हंगेरीनं २००८मध्ये पहिला आयुक्त निवडला आणि २०१२मध्ये ते स्वतंत्र पद गुंडाळून दुसऱ्या कार्यालयाखाली घातलं. ज्यानं अडवायचं त्याचीच नेमणूक अडवलेल्यांच्या हाती असेल, तर ती खुर्ची फार दिवस राहत नाही.

जर्मनीत हेच काम न्यायालयानं केलं. २०२१मध्ये तिथल्या संघराज्य संविधान न्यायालयानं हवामान कायदा अंशतः घटनाबाह्य ठरवला. तरुण अर्जदारांचं म्हणणं असं की २०३०पर्यंत सवलतीनं चालायचं आणि उष्णता वाढवणाऱ्या वायूंच्या कपातीचा मोठा भार त्यानंतर टाकायचा, म्हणजे पुढच्यांच्या स्वातंत्र्यावर आजच घाला घालणं. न्यायालयानं ते मानलं. काही महिन्यांत कायदा बदलून हवामान-तटस्थतेचं, म्हणजे अशा वायूंची निव्वळ भर शून्यावर आणण्याचं, वर्ष २०५०वरून २०४५वर आणलं गेलं.

## ‘भावी पिढ्यांच्या नावावर कुणीही काहीही खपवेल’

ही शंका मला सगळ्यांत वजनदार वाटते. पन्नास वर्षांनंतरच्या माणसाला काय हवं असेल हे कुणालाच माहीत नाही. त्याचं नाव पुढे करून आजच्या गरिबाच्या तोंडचा घास काढणंही शक्य आहे.

म्हणून अशा खुर्चीचं काम अरुंद ठेवणं बरं. पुढच्या माणसाची आवड ओळखायची नाही. त्याच्यापुढचे रस्ते बंद तर होत नाहीत ना, एवढंच बघायचं. आटलेला समुद्र परत भरत नाही. चुकीचा कर पुढच्या वर्षी मागे घेता येतो. पहिल्या प्रकारच्या निर्णयाला जास्त अडवा, दुसऱ्याला कमी. जर्मन न्यायालयानंही भावी पिढ्यांना काय आवडेल हे सांगितलं नाही, त्यांना निवडायला काही शिल्लक राहील का एवढंच विचारलं.

## चिठ्ठीनं निवडलेली माणसं

आता या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत रोचक भाग. निवडणुकीऐवजी सोडत.

कल्पना नवी नाही. प्राचीन अथेन्समध्ये पाचशे जणांचं मंडळ दरवर्षी चिठ्ठ्यांनी निवडलं जाई. तिथल्या सोडतींसाठी खाचा पाडलेला फलकही वापरत, त्या खाचांत नावाच्या पट्ट्या बसवत. एका माणसाला आयुष्यात दोनदाच ही जागा मिळे. (बायका, गुलाम आणि परके या सगळ्याच्या बाहेर होते, अथेन्सचं कौतुक करताना हे विसरू नये.) ॲरिस्टॉटलला तर सोडत हीच लोकशाहीची रीत वाटे, आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची.

आजच्या रूपाला नागरिक सभा म्हणतात. देशभरातून माणसं सोडतीनं काढायची, पण वय, लिंग, प्रदेश, आर्थिक स्तर यांचं प्रमाण समाजातल्यासारखं राखायचं. त्यांना एकच विषय, भरपूर वेळ आणि सगळ्या बाजूंचे तज्ज्ञ द्यायचे. शेवटी ती शिफारस करतात आणि घरी जातात. पुन्हा निवडून यायचं नसतं.

आयर्लंडचा अनुभव जवळून बघण्यासारखा आहे. तिथे १९८३च्या आठव्या घटनादुरुस्तीनं गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी होती. हा विषय म्हणजे राजकारण्यांसाठी तापलेली सळई. हात लावला की मतं जळणार. तीस वर्षं ते घोंगडं भिजत पडलं. अखेर २०१६मध्ये ९९ नागरिकांची सभा बसवली, अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. ही माणसं शनिवार-रविवारी डब्लिनजवळ मालाहाइड इथल्या एका हॉटेलात जमत. सात-आठ जणांचं एक गोल टेबल, प्रत्येक टेबलावर चर्चा चालवणारा एक आणि टिपणं घेणारा एक. एकाच जणानं बोलत राहू नये हे बघणं हे चर्चा चालवणाऱ्याचं काम. डॉक्टर आले, वकील आले, नीतिशास्त्राचे अभ्यासक आले, दोन्ही बाजूंच्या संघटना आल्या. ज्या बायका या प्रसंगातून गेल्या होत्या त्यांच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं नाव न सांगता ऐकवली गेली. पाच शनिवार-रविवार फक्त याच विषयाला दिले.

सभेनं बंदी सैल करायची शिफारस केली, तीही राजकारण्यांच्या अपेक्षेपेक्षा बरीच पुढे जाऊन. ‘ही सभाच एकतर्फी’ अशी टीका झाली. मग २५ मे २०१८ला सार्वमत झालं आणि ६६.४ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूनं मत दिलं. सभेतल्या ९९ जणांचा कौल आणि देशाचा कौल एकमेकांच्या बराच जवळ निघाला.

## ‘रस्त्यावरच्या माणसाला एआयमधलं काय कळतं?’

खासदाराला तरी काय कळतं? हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही. खासदार एका आठवड्यात शेती, संरक्षण, कर आणि डेटा अशा चार विषयांवर मत देतो, बहुतेक वेळा पक्षादेशानं. नागरिक सभेतला माणूस महिनोन्‌महिने एकच विषय चघळतो. खुनाच्या खटल्यात निकालासाठी सामान्य नागरिकांची ज्यूरी बसवणाऱ्या देशांनी शतकानुशतकं हाच विश्वास धरला: माणूस तज्ज्ञ नसला तरी तज्ज्ञांची उलटतपासणी ऐकून ठरवू शकतो. शिवाय एआयविषयीचे बरेच प्रश्न तंत्राचे नसतातच. चेहरा ओळखणारा कॅमेरा किती अचूक आहे हे अभियंता सांगेल. तो चौकात लावावा का, हे त्यालाही तुमच्या-माझ्याइतकंच ठरवता येतं.

‘पण त्यांना निवडलं कुणी?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. कुणीच नाही. म्हणून शेवटचा शब्द त्यांचा असू नये, आणि आयर्लंडमध्ये तो नव्हताच: शिफारस सभेची, छाननी संसदेची, निर्णय लोकांचा.

## फसलेले प्रयोग

फ्रान्सनं २०१९–२०मध्ये हवामानावर १५० नागरिक बसवले. त्यांनी १४९ प्रस्ताव दिले. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी ते कात्री न लावता पुढे नेण्याचा शब्द दिला होता. आधी तीन बाजूला पडले, मग बाकीच्यांतले बरेच पातळ झाले. २०२१च्या सुरुवातीला त्या नागरिकांनी पुन्हा जमून सरकारच्या प्रतिसादाला गुण दिले: दहापैकी ३.३. आइसलंडमध्ये नागरिकांनी घडवलेला घटनेचा मसुदा २०१२च्या सार्वमतात दोन तृतीयांश लोकांनी पायाभूत म्हणून मान्य केला; संसदेनं तो मंजूरच केला नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १६० नागरिकांनी नवी मतदानपद्धत सुचवली, तिला २००५मध्ये ५७.७ टक्के मतं पडली, पण आधीच ठरवलेली अट होती ६० टक्क्यांची.

तीनही ठिकाणी नागरिक आपलं काम चोख करून गेले. त्यानंतर त्या कागदाचं काय करायचं, हे एक तर ठरलेलं नव्हतं किंवा त्याच्या वाटेत उंच उंबरठा होता.

## तंत्रज्ञानाचीच मदत घेता येईल का?

थोडी. तैवानमध्ये २०१५मध्ये उबरच्या नियमांवरून टॅक्सीवाले आणि ग्राहक असा वाद पेटला, तेव्हा पोलिस नावाची ऑनलाइन पद्धत वापरली गेली (पोलिसांशी तिचा संबंध नाही). त्यात कुणीही एक वाक्य लिहायचं, बाकीच्यांनी सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ म्हणायचं. उत्तर द्यायची सोयच नाही, त्यामुळे भांडण पेटत नाही. संगणक मतांवरून गट पाडतो, आणि एरवी विरुद्ध असलेल्या गटांनाही पटलेली वाक्यं वर आणतो. प्रवाशांची सुरक्षा आणि विमा यांवर दोन्हीकडचे एकच बोलत होते हे त्यातून दिसलं, आणि नियम त्या धाग्यावर बेतले गेले. बाकीचं बरंचसं समाजमाध्यम याच्या नेमकं उलट चालतं, जे वाक्य गटांना फोडेल ते वर.

जपानच्या याहाबा या छोट्या नगरात तर यंत्रसुद्धा लागलं नाही. रहिवाशांच्या काही गटांना सांगितलं की तुम्ही २०६०मध्ये राहता असं समजा. खास अंगरखे घाला आणि तिथून आजच्या नगराकडे बघून सल्ला द्या. पाणीपट्टीचा विषय होता. आजचे म्हणून बोलणारे दर कमी करा म्हणत. २०६०मधून बोलणारे जुन्या जलवाहिन्या बदलायच्या म्हणून दर वाढवायला तयार झाले. माणसं एकाच गावची, विषयही तोच.

## ‘पण शेवटी हा सल्लाच, सरकारनं ऐकलं नाही तर?’

नाही ऐकणार, कधीकधी. ऐकलंच पाहिजे अशी सक्ती केली तर निवडणुकीला अर्थ उरत नाही. पण सक्ती आणि दुर्लक्ष यांच्या मध्ये एक जागा आहे, आणि बेल्जियमच्या जर्मनभाषक भागानं ती शोधली. लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आसपास, संसद २५ जणांची. २०१९मध्ये त्यांनी सोडतीनं निवडलेल्या २४ नागरिकांचं एक कायमस्वरूपी मंडळ नेमलं. हे मंडळ विषय ठरवतं आणि त्या विषयापुरती पन्नास जणांपर्यंतची नागरिक सभा बोलावतं. सभेच्या शिफारशींवर संसदेनं सभेच्या सदस्यांसोबत बसून चर्चा करायची, हा नियम आहे. शिफारस फेटाळायची मुभा आहे, पण कारण द्यावं लागतं.

मला या सगळ्या प्रयोगांतलं हेच कलम सर्वांत कामाचं वाटतं. वेल्सच्या कायद्यात ते आहे, फिनलंडमध्ये त्याची एक सौम्य आवृत्ती आहे, आणि फ्रान्समध्ये ते नव्हतं. तिथे फक्त एका माणसाचा शब्द होता. भाडेकरूचा करार बदलायचा म्हणजे त्याला मालक करायचं नाही. बादली का ठेवली हे लेखी लिहून द्यायला लावायचं, म्हणजे पुढचा भाडेकरू ते वाचू शकेल.

बेल्जियमच्या त्या भागातल्या पहिल्या नागरिक सभेला मंडळानं विषय दिला तो आजारी आणि वृद्ध माणसांच्या शुश्रूषेचा. २०२०मध्ये सभा कामाला लागली, आणि कोविडमुळे तिला मध्येच थांबावं लागलं.